बदली बाबांची, शाळा मुलांची: सैनिकांच्या मुलांचं शिक्षण मध्येच तुटू नये म्हणून

सातारा जिल्ह्यातल्या शाळांच्या पटावर जून महिन्यात काही नावं अशी चढतात, ज्यांचा आधीचा दाखला जालंधरचा, जोधपूरचा नाहीतर सिकंदराबादचा असतो. वडील फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी गेले, फॅमिली क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून आई मुलांना घेऊन गावी आली. दोन-तीन वर्षांनी वडिलांना पुन्हा पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंबासह राहता येईल अशी नेमणूक मिळाली की हीच मुलं दप्तर उचलून निघून जातात. खटाव-माणमध्ये, कोरेगाव-कराडकडे, तिकडे सांगली जिल्ह्यात जत-कवठेमहांकाळच्या बाजूला शिक्षकांना यात नवल वाटत नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. इतक्या जुन्या परंपरेच्या जिल्ह्यात, सैनिकाच्या मुलाचं शिक्षण कसं चालतं आणि कुठे अडतं, हे घरातल्या माणसांनाही नीट माहीत नसतं. ते इथे सोपं करून मांडतो आहे. बाहेरचे देश आपल्या सैनिकांच्या मुलांसाठी काय करतात, हेही बघू, कारण त्यातल्या काही गोष्टी आपल्याला उद्यापासून करता येण्यासारख्या आहेत.

फट नेमकी कुठे पडते?

अशी मुलं मागे पडली की लोक म्हणतात, ‘शाळा सारखी बदलते, म्हणून लक्ष लागत नाही.’ हे अर्धवट खरं आहे. मुलाचं लक्ष असतं, पण दोन शाळांच्या मध्ये एक मोकळी जागा राहते आणि नेमके तिथले धडे कोणीच शिकवलेले नसतात.

वेळापत्रकच घ्या. आर्मी पब्लिक स्कूल किंवा केंद्रीय विद्यालयाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. पठाणकोटला पाचवी संपवून मार्चअखेर गावी आलेलं मूल अडीच महिने घरी बसतं. उलट, साताऱ्याहून जूनमध्ये अंबाल्याला गेलेलं मूल ज्या वर्गात शिरतं तिथे पहिली घटक चाचणी तोंडावर आलेली असते.

मग भाषा. सहावीतली मुलगी, गणितात हुशार. तिला ‘लसावि काढ’ म्हटलं की ती गप्प. बाईंना वाटतं, हिचा पायाच कच्चा आहे. ‘एलसीएम’ म्हणा, फळ्यावर झरझर काढून दाखवते. मसाविचं तेच, अंश-छेदाचं तेच. तिचं गणित पक्कं असतं, फक्त ते दुसऱ्या नावांनी शिकलेलं असतं. पण पहिल्या महिनाभरात कोणी हे ओळखलं नाही, तर ती मुलगी स्वतःच मान्य करून टाकते की आपल्याला गणित येत नाही. मराठी लेखनात ‘ळ’ च्या जागी ‘ल’ येतो, ऱ्हस्व-दीर्घ हिंदीच्या वळणाने जातं. त्याबद्दल वर्गात हसं झालं की मूल हात वर करायचं थांबतं.

अभ्यासक्रमातल्या फटी आणखी वेगळ्या. आपल्याकडे तिसरीला परिसर अभ्यासात स्वतःचा जिल्हा असतो आणि चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास. ही दोन वर्षं जोधपूरला काढलेलं साताऱ्याचं मूल पाचवीत येतं तेव्हा कृष्णा-वेण्णेचा संगम माहुलीला होतो हे त्याला ठाऊक नसतं आणि अजिंक्यताऱ्याखाली राहून त्या किल्ल्याची गोष्ट त्याने वर्गात कधी ऐकलेली नसते. आजीआजोबा घरी सांगतात तेवढंच. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली आहे. ते योग्यच आहे. पण मधल्या वर्गात येऊन पडलेल्या मुलाला मराठीची दोन-तीन वर्षांची शिदोरी कोण देणार, हा प्रश्न वर्गशिक्षकाच्या चांगुलपणावर सोडलेला आहे.

परदेशात तळ, आणि तळावरच शाळा

हा प्रश्न सगळ्यात मोठ्या प्रमाणावर ज्या सैन्यापुढे आला ते अमेरिकेचं. दुसरं महायुद्ध संपलं, जर्मनी आणि जपानमध्ये अमेरिकी फौजा राहिल्या, त्यांची कुटुंबं तिकडे आली. मुलांना शिकवायचं कुठे? १९४६ मध्ये सैन्यानेच शाळा उघडल्या. आज त्यांच्या संरक्षण खात्याच्या शिक्षण विभागाकडे १६० च्या आसपास शाळा आहेत. जर्मनी, इटली, स्पेन, जपान, दक्षिण कोरिया, बहारीन अशा ११ परदेशांत आणि अमेरिकेतल्या काही लष्करी तळांवर. साठ हजारांहून जास्त मुलं तिथे शिकतात.

या शाळांचं मर्म एका गोष्टीत आहे. अभ्यासक्रम सगळीकडे एकच. जपानमधल्या ओकिनावाच्या तळावर आठवडाभरापूर्वी अपूर्णांक शिकत असलेलं मूल जर्मनीतल्या रामस्टाइनला उतरलं, तर तिथल्या वर्गातही जवळपास तोच भाग चालू असतो. शिक्षकांनाही मुलं येणार-जाणार हे गृहीतच असतं. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला कुठे बसवायचं, त्याची चाचणी कशी घ्यायची, याची ठरलेली पद्धत आहे. २०२२ आणि २०२४ च्या अमेरिकी राष्ट्रीय मूल्यमापनात चौथी आणि आठवीच्या वाचनात आणि गणितात या शाळा देशातल्या सगळ्या राज्यांच्या पुढे होत्या. तिथे पालकांपैकी एकाला पक्की नोकरी असते, घर असतं, औषधपाणी असतं, शाळांना पैसा नियमित मिळतो. हे सगळं त्या यशामागे आहे, ते विसरून चालणार नाही. तरीही ज्या मुलांची शाळा सर्वांत जास्त वेळा बदलते तीच मुलं पुढे असतात, ही गोष्ट ‘शाळा बदलली की मूल मागे पडणारच’ या समजुतीला धक्का देणारी आहे.

पण अमेरिकी सैनिकांची बहुसंख्य मुलं या शाळांत नसतात. ती आपापल्या राज्यांच्या साध्या सरकारी शाळांत जातात आणि तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. बारावीपर्यंत सहा ते नऊ वेळा शाळा बदलणारी ही मुलं. त्यांच्यासाठी २००८ पासून राज्याराज्यांमध्ये एक करार आहे. आज पन्नासही राज्यं त्यात आहेत. त्यातली तरतूद वाचली तेव्हा वाटलं, हे आपल्या एखाद्या अनुभवी मुख्याध्यापकाने लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं:

जुनी शाळा निघताना पालकांच्या हातात कागदांची एक प्रत देते. ती अधिकृत नसली तरी नवी शाळा तेवढ्यावर मुलाला ताबडतोब वर्गात बसवते. अधिकृत कागद जुन्या शाळेने दहा दिवसांत पाठवायचे. लसीकरण राहिलं असेल तर त्यासाठी तीस दिवसांची मुदत, पण तोवर प्रवेश अडवायचा नाही. मूल आधी ज्या पातळीच्या तुकडीत होतं त्याच पातळीला सुरुवातीला बसवायचं, नंतर हवं तर तपासायचं. आणि वडील किंवा आई युद्धक्षेत्रात निघाले, रजेवर आले किंवा परतले, तर त्या दिवसांसाठी मुलाला जादा रजा देता येते.

शेवटच्या कलमात मला सगळ्यात जास्त शहाणपण दिसतं. वर्षातून एकदा घरी आलेल्या बापाबरोबर घालवलेले दोन दिवस गैरहजेरीत मोजू नयेत, हे तिथे कायद्यात लिहिलेलं आहे.

ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना २०११ पासून सैनिकाच्या प्रत्येक मुलामागे दरवर्षी ठराविक जादा रक्कम मिळते आणि ती मुख्यतः मुलाच्या मानसिक आधारासाठी वापरायची असते. मुलाच्या नावापुढे ‘सैनिकाचं मूल’ अशी नोंद असल्याशिवाय ही रक्कम येत नाही, त्यामुळे शाळा आपणहून विचारते, ‘घरी कोणी सैन्यात आहे का?’ आपल्याकडे प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे ‘नोकरी’ एवढंच लिहून मोकळे होतात.

आपल्याकडे काय आहे

पुष्कळ आहे. केंद्रीय विद्यालयांचा जन्मच मुळात या गरजेतून झाला. बदली होणाऱ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा लष्करी ठाण्यांवरच्या वीस रेजिमेंटल शाळाच पहिल्यांदा ताब्यात घेतल्या होत्या. सगळीकडे एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा, हा विचार तिथेही तोच. गेल्या सात वर्षांत वडिलांच्या बदल्या जितक्या जास्त, तितका प्रवेशाचा क्रम वर. आणखी एक सोय फार कमी जणांना माहीत असते. जवानाची बदली कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी झाली आणि कुटुंब स्वतःच्या पसंतीच्या गावी हलवलं, तर तिथल्या केंद्रीय विद्यालयात जुन्या केंद्रीय विद्यालयाच्या दाखल्यावर प्रवेश मागता येतो.

सैन्याच्या कल्याणकारी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे ‘एडब्ल्यूईएस’च्या, आर्मी पब्लिक स्कूल देशभर १३० हून जास्त आहेत. १९८३ पासून ही संस्था काम करते. अडचण अशी की या शाळा छावणीला धरून असतात, आणि आपल्याला जवळची मोठी ठाणी म्हणजे वर पुणे-खडकी, खाली बेळगाव. गावी परतलेल्या कुटुंबाला त्यांचा उपयोग नाही.

सैनिक स्कूलबद्दल एक गैरसमज घरोघर आहे. साताऱ्याचं सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी सुरू झालं, देशातलं पहिलं. ते आपल्या गावात आहे याचा अभिमान रास्तच. पण सैनिक स्कूल म्हणजे सैनिकांच्या मुलांची शाळा नव्हे. तिथे कुणाचंही मूल सहावीला किंवा नववीला अखिल भारतीय प्रवेश परीक्षा देऊन जाऊ शकतं. सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात इतकंच. २०२१-२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. ज्या शाळा खरोखर जवानांच्या मुलांसाठी निघाल्या त्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूल. देशात पाच, त्यातली एक बेळगावला. तिथे ७० टक्के जागा जवान आणि जेसीओंच्या (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) मुलांसाठी असतात. कराड-सांगलीकडून बेळगाव काही लांब नाही, पण या शाळेचं नाव घेतलं तर निम्मे पालक ‘सैनिक स्कूलच ना ते?’ असं विचारतात. नाही, वेगळं आहे, परीक्षाही वेगळी आहे.

आता गावच्या शाळेचं. सातारा-सांगलीतली बहुतेक मुलं शेवटी जिल्हा परिषदेच्या किंवा रयतसारख्या संस्थांच्या अनुदानित शाळांतच येतात. तिथे शिक्षण हक्क कायदा, २००९ त्यांच्या बाजूने उभा आहे. या कायद्याच्या पाचव्या कलमानुसार एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे, अगदी दुसऱ्या राज्यातूनही. जुन्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही, आणि दाखल्यात दिरंगाई करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. चौथ्या कलमानुसार मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं आणि राहिलेलं भरून काढायला खास शिकवणी द्यायची. सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत, हे लागू आहे. नववीला बदली झाली तर हे कवच नाही. म्हणून शक्य असेल तर मोठी शाळाबदल आठवीच्या शेवटी व्हावी असं बघावं.

कायदा असूनही मूल अडतं ते संगणकावर. मुलाचा कायम शिक्षण क्रमांक असतो. तो शाळा बदलली तरी बदलत नाही. जुन्या शाळेने दाखला दिला, पण यू-डायस या सरकारी ऑनलाइन नोंदीत मुलाला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकायचं विसरली, तर नव्या शाळेला ते नाव आपल्याकडे ओढताच येत नाही. मूल वर्गात बसलेलं असतं आणि सरकारी नोंदीत ते अजून राजस्थानात असतं. त्यावर पुस्तकं अडतात, गणवेश अडतो, शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. दाखला हातात घेताना ‘ड्रॉपबॉक्सला टाकलंत का?’ हे विचारायला दोन मिनिटं लागतात. ते राहिलं की नंतर फोनवर फोन, आणि वडील अशा ठिकाणी जिथे रेंज नाही.

इथे मला ठामपणे एक म्हणायचं आहे. ऊसतोडीला स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात ‘शिक्षण हमी पत्रक’ आहे. मूल हंगामात गाव सोडतं तेव्हा ते पत्रक त्याच्याबरोबर जातं आणि कारखान्याजवळच्या शाळेने त्यावरून त्याला वर्गात घ्यायचं असतं. अमेरिकेच्या पन्नास राज्यांनी करार करून जे मिळवलं त्याचं बीज आपल्याकडे, तेही सगळ्यात गरीब मुलांसाठी, आधीच पेरलेलं आहे. तेच पत्रक सैनिकाच्या मुलालाही द्यायला हवं. गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर फिरणाऱ्या खानापूर-आटपाडीच्या कुटुंबांनाही ते तितकंच लागेल.

पैसे मिळतात, पण नावं जुळली तर

सेवेत असलेल्या जवानाला दोन मुलांसाठी बालशिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा प्रत्येकी २,८१२ रुपये ५० पैसे आहे, म्हणजे वर्षाला ३३,७५० रुपये. मूल वसतिगृहात असेल तर वसतिगृह अनुदान दरमहा ८,४३७ रुपये ५० पैशांपर्यंत. त्यासाठी वसतिगृह घरापासून किमान ५० किलोमीटरवर हवं. दिव्यांग मुलासाठी शिक्षण भत्ता दुप्पट. भत्ता नर्सरीपासून बारावीपर्यंत, वर्ष संपल्यावर एकदा, मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्रावर. मूल जिल्हा परिषदेच्या मोफत शाळेत असलं तरी तो मिळतो. गावी अनेकांना वाटतं की फीची पावती नाही म्हणून पैसे नाहीत. तसं नाही.

माजी सैनिकांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: व्यावसायिक पदवीसाठी मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, बारावीला किमान ६० टक्के हवेत. देशभरात वर्षाला ५,५०० जणांना मिळते. ही सेवेतल्या जवानाच्या मुलांसाठी नाही, त्यावरून पुष्कळांचे अर्ज वाया जातात. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा २,००० रुपयांचं शिक्षण साहाय्य आहे (नोव्हेंबर २०२५ आधी ते १,००० होतं). दोन्हींचे अर्ज ऑनलाइन भरायचे आणि पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. आपल्याकडे सगळे त्याला ‘सैनिक बोर्ड’च म्हणतात. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे हे कार्यालय आहे.

कामी आलेल्या, बेपत्ता किंवा अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांसाठी वेगळी सवलत १९७१ च्या युद्धानंतर सुरू झाली: पदवीपर्यंतची फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश. २०१७ मध्ये फी आणि वसतिगृह मिळून महिन्याला १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती. देशभरातून विरोध झाला आणि मार्च २०१८ मध्ये ती मागे घेतली गेली. ज्या घरांत ही मर्यादा अजून खरी मानली जाते, त्यांना हे मुद्दाम सांगा.

आता सगळ्यांत जास्त घोळ कुठे होतो ते. मूल जन्मलं की युनिटमध्ये त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. त्या नोंदीतलं नाव आणि जन्मतारीख म्हणजे सैन्याच्या दृष्टीने ते मूल. आता बघा: सैन्यात मराठी जवानाचं नाव बऱ्याचदा आडनावापासून लिहिलेलं असतं, मुलाच्या जन्मदाखल्यावर ग्रामपंचायतीने फक्त घरातलं नाव घातलेलं असतं, शाळेत मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने असतं आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. चार कागद, चार मुलं! लहानपणी हे कुणाला खटकत नाही. बारावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो तेव्हा कळतं, आणि तोवर वडील निवृत्त होऊन रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसलेले असतात. पहिलीत नाव घालण्यापूर्वी पार्ट टू ऑर्डरची प्रत समोर ठेवून अर्ज भरा.

बारावीनंतरच्या प्रवेशांसाठी आणखी एक कागद: वडिलांचं किंवा आईचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाईल. मुलाची दहावी-बारावी परराज्यात झाली असली, तरी अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेशात आईवडिलांच्या डोमिसाईलवर त्याला महाराष्ट्राचा उमेदवार धरतात, आणि संरक्षण प्रवर्गाच्या जागाही असतात. हे प्रमाणपत्र वडील रजेवर असताना काढून ठेवावं. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लावून ते वेळेवर मिळेलच असं नाही.

बाबा परदेशात असतील तर

भारतीय जवान परदेशात जातो तो बहुतेक वेळा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून. आजवर २ लाख ९० हजारांहून जास्त भारतीयांनी अशा मोहिमांत काम केलं आहे. तुकडी साधारण वर्षभर जाते, कुटुंब नेता येत नाही. म्हणजे दक्षिण सुदानमध्ये किंवा लेबनॉनमध्ये बाप आणि वडूजच्या शाळेत मुलगी.

कुटुंबासह परदेशी नेमणूक थोड्यांनाच मिळते, मुख्यतः दूतावासांत. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान इथे केंद्रीय विद्यालयं आहेत. आखाती देशांत सीबीएसईच्या शाळा भरपूर. ती सोय असेल तिथे परतीचा रस्ता सोपा. आंतरराष्ट्रीय शाळेत घालावं लागलं तर परत कोणत्या वर्षी यायचं आहे ते आधी मोजा. बारावी परदेशी मंडळाची झाली, तर इथल्या विद्यापीठासाठी भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र लागतं आणि विज्ञान शाखेला जायचं असेल तर तिकडे घेतलेले विषय बघितले जातात. गुणपत्रक, विषयवार अभ्यासक्रम आणि दाखला, तिन्ही तिथूनच साक्षांकित करून आणा. इथे आल्यावर त्या देशाच्या शाळेला ई-मेल करत बसणं फार जड जातं.

मुलाच्या मनात काय चालतं

वडील निघण्याच्या आधीचे पंधरा दिवस मूल विनाकारण भांडतं. गेल्यावर काही दिवस पोट दुखतं, शाळेत जायचं नसतं. मग घडी बसते. आणि वडील रजेवर आले की पुन्हा विस्कटते, कारण आईने लावलेल्या घडीत आता एक मोठा माणूस शिरतो. हे सगळं नैसर्गिक आहे आणि शिक्षकांना ते माहीत असेल तर मुलाला ‘बिघडलाय’ असा शिक्का बसत नाही.

आपल्याकडे दोन वाक्यं अशी बोलली जातात, जी बंद झाली तर फार बरं होईल. एक: ‘पप्पा नाहीत, आता तूच घरातला कर्ता.’ आठ वर्षांच्या पोराला हे कौतुकाने म्हटलं जातं. ते पोर खरंच ओझं घेतं. रात्री कडी लावली का बघतं, आईसमोर रडत नाही, शाळेत गप्प राहतं. दुसरं: ‘थांब, पप्पा आले की सांगते.’ जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची कॅज्युअल, तीही तुकड्यातुकड्यांत. त्या मोजक्या दिवसांत वडिलांनी आल्या आल्या हिशेब चुकता करावा, अशी त्यांची ओळख मुलाला करून देऊ नये.

२०२५ च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी सुट्टीवर आलेले अनेक जवान रजा अर्धवट टाकून परत गेले. घराघरांत टीव्ही दिवसभर चालू होता आणि मुलं समोर बसलेली. अशा वेळी टीव्ही बंद करून मुलाला खरं आणि थोडक्यात सांगावं: पप्पा कामावर गेलेत, फोन लागणार नाही, लागला की तुला उठवू. आणि मग रात्री अकराला फोन आला तरी खरंच उठवावं.

शाळेने काय करावं? पहिल्या आठवड्यात वर्गातलं एक जाणतं मूल शेजारी बसवावं. शब्दांची अदलाबदल होते तिथे दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत. वडील रजेवर आलेत असं कळलं तर त्या आठवड्यात गृहपाठावरून धारेवर धरू नये. सव्वीस जानेवारीला त्याला ‘शहीद’ या विषयावर भाषण करायला उभं करण्याआधी आईला विचारावं. आणि वडिलांची फोनवर वर्गशिक्षकांशी वर्षातून एकदा तरी थेट गाठ घालून द्यावी. पालकसभेला ते येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना कळायचं काही राहू नये.

एक पान

शिक्षण हमी पत्रक सैनिकांच्या मुलांपर्यंत कधी पोचेल ते पोचेल. तोवर निघण्याच्या आधी वर्गशिक्षकांकडून एका पानावर एवढं लिहून घ्या: कायम शिक्षण क्रमांक, प्रत्येक विषयात शेवटचा शिकवलेला धडा, कोणत्या विषयात मूल पुढे आहे आणि कशात आधार लागतो, माध्यम आणि मंडळ, शेवटच्या चाचणीचे गुण, आणि शाळेचा एक चालू फोन नंबर. खाली सही-शिक्का. परप्रांतातून येत असाल तर तेच इंग्रजीत. लिहून द्यायला शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांना कुणी मागतच नाही. या पानाची एक प्रत दप्तरात, एक आईकडे आणि फोटो वडिलांच्या मोबाईलवर ठेवा. नव्या शाळेत पहिल्या दिवशी दाखल्याबरोबर हे पानही बाईंच्या हातात द्या.